काकांचा मिलिटरी निसान वन टन: कॅम्पर करू की आहे तसाच उभा करू?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

शीळ गावात आमच्या काकांच्या जागेत एक निसान वन टन उभा आहे. तोच तो जबलपूरच्या फॅक्टरीतला, सहा सिलिंडर पेट्रोल, मागे ताडपत्रीचा हौदा. काकांनी ९० च्या दशकात लिलावातून सुटलेला कोणाकडून तरी घेतला, थोडे दिवस वीटभट्टीवर चालवला, पेट्रोल परवडेना म्हणून उभा केला तो उभाच. शेवटचा चालू झाला तेव्हा मी कॉलेजला होतो, आता माझी मुलगी सातवीत आहे. काका मागच्या वर्षी गेले. काकी म्हणाल्या भंगारवाला मागे लागलाय, तुला हवा असेल तर ने नाहीतर देऊन टाकते, आणि मी आवेशात बोलून गेलो की नेतो.

आता डोक्यात कॅम्पर शिरलाय. हौदा काढायचा, चेसिसवर पत्र्याचा डबा वेल्ड करायचा, आत दोन बर्थ, छोटं किचन, वर सोलर, आणि आधी कोकण मग कधीतरी स्पिती. बायको म्हणते आधी सोसायटीच्या गेटमधून आत आणून दाखव. पॉइंट आहे.

सध्याची अवस्था: इंजिन जॅम, हँडल मारून फिरत नाही. बॅटऱ्या दोन, सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट, दोन्ही मेलेल्या. हौद्याची जमीन सडलीय, पण चेसिस बाहेरून तरी बरी दिसते. टायर पूर्ण खपले. आरसी आहे, काकांच्या नावावर, एमएच-०४. बजेट सगळं मिळून सहा लाख, ताणलं तर सात. कुठून सुरुवात करू? आणि ५० वर्षं झाली असतील तर व्हिंटेज नंबर मिळेल ना?

वागळे_इस्टेट

भावा, आधी पाना खाली ठेव आणि आरसी हातात घे.

काका वारलेत म्हणजे फॉर्म ३१ ने तुझ्या किंवा काकींच्या नावावर ट्रान्सफर. कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, ती कधीच गेली, दंड भरायची तयारी ठेव. मग आरसीवर क्लास बघ. मालवाहू म्हणून लागली असेल तर फिटनेस दरवर्षी, आणि इतकी वर्षं फिटनेस नाही म्हणजे टॅक्सची थकबाकी पण निघणार. खासगी असेल तर १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू, सोबत पर्यावरण कर. एक पैसा खर्च करायच्या आधी आरटीओत जाऊन नंबरवर बाकी किती ते काढून घे. माझ्या ओळखीतल्या एकाने जुन्या जीपवर चार लाख घातले आणि नंतर कळलं की नंबर सिस्टीममध्येच नाही. ती जीप आता फार्महाउसच्या कुंपणाच्या आत फिरते, बाहेर काढता येत नाही.

व्हिंटेजचं स्वप्न सोडून दे, निदान कॅम्परसोबत तरी. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांच्या पुढची, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठी छेडछाड नको. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं चालते, नंबरात व्हीए येतं. पण ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. म्हणजे व्हीए नंबर लावून तू स्पितीला निघालास तर कसाऱ्याच्या आधीच कोणीतरी कागद विचारणार. शिवाय तुझी आरसी ९० च्या दशकातली, ५० कुठून आणशील?

डबा वेल्ड करायचा म्हणतोस ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये जातं. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलंय. मोटर कॅराव्हॅनला वेगळा स्टँडर्ड आहे, एआयएस-१२४, पण तो टेस्टिंग एजन्सीकडून अप्रूव्हल घेणाऱ्यांसाठी. एका घरच्या ट्रकसाठी ते करत बसलास तर मुलीचं लग्न होईल.

आणि रंग. ऑलिव्ह ग्रीन ठेवू नकोस. मोटार वाहन नियम १२१, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. वाळूचा रंग दे, करडा दे, काहीही दे.

लायसन्सचं टेन्शन नको. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, मालवाहू असली तरी, नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते मिटवलंय.

जुनंतेसोनं

कॅम्पर?? वन टन कापून कॅम्पर?? अरे हा ट्रक म्हणजे मिलिटरीच्या जोंगा जीपचा मोठा भाऊ आहे, तेच ३९५६ सीसीचं पी इंजिन, निसानच्या लायसन्सवर जबलपूरला बनलेला. लोक दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जाऊन बोल्ट-बोल्ट जमवतायत आणि तू हौदा काढून पत्र्याची टपरी बसवणार. आधी डॅशबोर्डवरची प्लेट आणि बंपरवरचा जुना नंबर शोध. वरच्या रंगाखाली वर तोंड केलेला बाण सापडेल, त्याच्यापुढचे दोन आकडे म्हणजे लष्करात आल्याचं साल. हळू घास, पॉलिश पेपर ओला करून. ग्राइंडर लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

कळंबोली_बॉडीवाला

जुनंतेसोनं भाऊंचं मन दुखेल पण हौदा सडलाच असेल तर काढावाच लागेल ना. वाद डब्याचा नाही, डबा बसवणार कसा त्याचा आहे.

मी ट्रक बॉडीचं काम करतो वीस वर्षं, म्हणून सांगतो. वन टनची चेसिस शिडीसारखी आहे, दोन लांब चॅनेल आणि मध्ये आडवे. खड्ड्यात एक चाक वर आणि समोरचं विरुद्ध चाक खाली गेलं की ती पिळते, आणि पिळायलाच पाहिजे, मिलिटरीने ती तशीच मागितली होती. आता ह्याच्यावर तू चार कोपऱ्यांत डबा वेल्ड केलास तर डबा पिळायला तयार नाही, चेसिस पिळल्याशिवाय राहात नाही, मग तुटतं कोण? पहिल्यांदा दरवाजा अडकायला लागतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारखी तड निघते. मग पाऊस आत. इथल्याच एका गॅरेजने एका माणसाला असा डबा करून दिला होता, नाव घेत नाही. माझ्याकडे आला तेव्हा चेसिसच्या चॅनेललाच वेल्डच्या शेजारी तडा होता. चेसिसच्या वरच्या खालच्या पट्टीला वेल्ड किंवा भोक कधीच नाही, लिहून ठेव.

बरोबर पद्धत: डब्याखाली वेगळी सबफ्रेम. पुढे केबिनच्या मागे दोन घट्ट माउंट, आणि मागे दोन स्प्रिंगचे, म्हणजे बोल्टवर कॉइल स्प्रिंग, चेसिस पिळली की सबफ्रेम एका बाजूने दोनेक इंच उचलते आणि परत बसते. किंवा तीन पॉइंट, मागे मधोमध एक पिन. खर्च फार नाही, स्प्रिंग आमच्याकडे स्टील मार्केटच्या आसपास मिळतात, डोकं मोजमापात लागतं. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकाच्या पुढे बाहेर येणारा भाग, कमी ठेव, पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि खाली. ६० लिटर म्हणजे ६० किलो, ते छपरावर नेलंस तर माळशेजच्या वळणावर कळेल.

आणि वन टनला एक टनच म्हणतात रे. डबा, लाकूड, बॅटरी, पाणी, तुम्ही तिघं, बायकोचं सामान, सगळं त्याच्यातच बसवायचंय. रिकामा ट्रक वजनकाट्यावर चढवून चिठ्ठी घे, डबा झाला की परत चढव.

कागदाचं वागळेने सांगितलंच. मी गिऱ्हाइकांना सांगतो की हौदा आणि फाळके दुरुस्त करून मूळचेच ठेवा, आणि डबा हौद्यात उतरणारा करा, चार क्लँप सोडले की जॅकवर उचलून खाली. आरसीतला ट्रक ट्रकच राहतो. तरी आरटीओत विचारूनच कर, आणि चालू गाडीत मागे कोणालाही बसवायचं नाही, माल नेण्याच्या जागेत माणूस सापडला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. वन टनच्या केबिनमध्ये तिघं कशी बसणार ते आधी बसून बघ.

ऐरोलीची_भटकी

दादा, मी जुन्या टाटा चारशे सात ट्रकमध्ये असाच संसार केलाय, त्यामुळे आतलं मी सांगते, बाहेरचं ह्या दोघांचं ऐक.

पत्र्याच्या डब्यात झोपणं म्हणजे काय ते आधी समजून घे. पहिल्याच हिवाळ्यात जुन्नरच्या पुढे मुक्काम केला, आम्ही तिघं आत, खिडक्या बंद, पहाटे चार वाजता माझ्या कपाळावर थेंब पडला. मला वाटलं छप्पर गळतंय. छप्पर गळत नव्हतं, आमचाच श्वास वरच्या थंड पत्र्याला लागून पाणी होऊन परत आमच्यावर पडत होता. गाद्यांच्या खालच्या प्लायला महिन्याभरात बुरशी. मग सगळं काढून आत पीयू फोम मारला, त्यावर प्लाय, पत्र्याचा एकही सांगाडा आतून उघडा ठेवला नाही, आणि छपराला बाहेर फेकणारा पंखा. आपल्या दमट हवेत पंखा आधी, बाकी सगळं नंतर. प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घे, साधा कमर्शियल दोन पावसाळे काढत नाही.

विजेचं. तुझ्या २४ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायचा सल्ला तुला दहा इलेक्ट्रिशियन देतील. ऐकू नकोस. एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आमची फुगली होती. डब्यातल्या वापराची बॅटरी वेगळी, आणि गाडीच्या बॅटऱ्यांवरून ती चार्ज करायला मध्ये डीसी टू डीसी चार्जर. मी १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्टने साधारण १२८० वॅट-तास होतात. ४५ वॅटचा फ्रिज अर्धा वेळ चालला तरी दिवसाला साडेपाचशे जातात, पंखा रात्रभर दोनशे-अडीचशे. म्हणजे ऊन असेल तर सुखी, जुलैत बर्फाची पेटी.

गॅस घरचा १४.२ चा सिलिंडर न्यायचा नाही, पाच किलोचा घे, आणि त्याचं कपाट आतून सीलबंद, तळाला बाहेर उघडणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. हे मला एका काकांनी धाब्यावर सांगितलं तोपर्यंत माझा सिलिंडर बर्थखाली होता. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

वागळे_इस्टेट

इंजिनचं राहिलंच की. जॅम इंजिन टोचन करून चालू करायला जाऊ नकोस, रिंग तुटतील. सहाही प्लग काढ, प्रत्येक भोकात डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) अर्धं-अर्धं, दोन-दोन झाकणं, आणि आठ-दहा दिवस विसरून जा. मधून मधून हँडलला हलका जोर, पुढे पण आणि मागे पण. सुटलं की प्लग बाहेर ठेवूनच चार फेरे मार, नाहीतर आतलं तेल दाबात अडकून कनेक्टिंग रॉड वाकवेल. ऑइल बदलल्याशिवाय सेल मारायचा नाही.

पेट्रोलची टाकी खोलून धू. आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम खातं, पाणी पण ओढतं. पाइप नवीन, इथेनॉलला चालणारेच.

पण इंजिनच्या आधी ब्रेक. इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर गंजून बसलेले असतात, आणि जुन्या गाड्यांना बहुतेक एकच सर्किट, एक सील फुटला की पेडल थेट जमिनीला. लोक इंजिन चालू झालं की आनंदात चक्कर मारायला निघतात. आणि टायरची नक्षी बघू नकोस, बाजूवरचा चार आकड्यांचा कोड बघ, आठवडा आणि साल असतं. सगळेच बदलायचेत, स्पेअरसकट.

जुनंतेसोनं

हौद्यात उतरणारा डबा असेल तर मला चालेल. (मला कोणी विचारलं नव्हतं ते माहितीय.)

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार, तीन रविवार गेले म्हणून उशीर.

आरटीओत जाऊन आलो. नंबर सिस्टीममध्ये आहे, मालवाहू म्हणून, बाकी किती ते ऐकून बायकोसमोर आकडा सांगायची हिंमत अजून झाली नाही. ट्रान्सफर काकींच्या नावावर आधी करतोय, त्यांचाच हट्ट, म्हणाल्या निदान कागदावर तरी ह्यांच्यानंतर माझं नाव येऊ दे.

स्क्रूड्रायव्हरने चेसिस ठोकत गेलो, मागच्या क्रॉसमेंबरमध्ये तो सरळ आत गेला, अंगठ्याएवढी भोकं, मातीखाली दिसत नव्हती. बाकी चॅनेल ठणठणीत वाजतायत. कळंबोलीवाले दादा, तो आडवा बदलता येईल ना?

बंपरवर ओला पॉलिश पेपर घासला. आधी काळा, मग काकांनी दिलेला निळा, त्याखाली हिरवा, आणि त्यावर पांढरा बाण. पुढे ७ आणि ८. मुलगी शेजारी उकिडवी बसून बघत होती, म्हणाली बाबा, हा तुझ्यापेक्षा मोठा आहे.

प्लग पाच निघाले, सहावा अजून हट्टाला पेटलाय. डिझेल-एटीएफ टाकून बारा दिवस झाले. काल हँडलला जोर दिला तर आतून कुरकुर झाली आणि जेमतेम पाव फेरा फिरलं. काकी ओट्यावरून ओरडल्या, हळू रे, त्यांचा हात असाच मोडला होता.

कळंबोली_बॉडीवाला

क्रॉसमेंबर बदलतो, रिव्हेट काढून बोल्टवर, वेल्ड नाही. फोटो टाक, आणि फाळक्यांचे पण टाक, बिजागऱ्या चांगल्या असतील तर टाकू नकोस, आता तसल्या मिळत नाहीत. आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, पलीकडून वळसा घालून धरू नकोस. इंजिनने उलटा झटका मारला की अंगठा, मनगट काही ठेवत नाही. काकींना कारण माहितीय.