काळ्या मातीत नॅट विमान चौथऱ्यावर बसवायचं आहे: पाया, क्रेन, काच?

दिग्रसकर: इथं नागपूरकडच्या एका खासगी मालकांकडे नॅट लढाऊ विमान आहे. इंजिन काढलेलं, उडवायचं नाही. पत्र्याचं काम झालंय. पावसाळ्याआधी नाक वर करून चौथऱ्यावर चढवायचंय. जमीन काळी. पाया किती खोल? क्रेननं कुठं उचलायचं? कॉकपिटची काच भुरकट झालीय. शेपटीवर मालकांना परमवीर चक्र मिळालेले वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों यांच्या विमानाचा नंबर हवाय.

सिव्हिल_अमरावती: आधी माती बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर नुसता टेकवलेला चौथरा कलतोच. मुरूम लागेपर्यंत खणा, पाया मुरमात फूटभर घुसवा आणि भरावही मुरमाचाच कुटा. शेजारी लॉन नको. एका बाजूची माती ओली राहिली की तीच बाजू वर उचलते.

नाक वर नकोच. आयएस 875 मध्ये (बांधकामावरच्या भारांचं भारतीय मानक) नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रतिसेकंद आहे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 1,160 न्यूटन दाब. नॅटचे पंख 12.7 चौरस मीटर. नाक दहा अंश वर असेल तर समोरचा वारा आठशे किलोच्या आसपास उचल देईल, आणि इंजिनाचं पावणेचारशे किलो वजनही आता आत नाही. खांब नि अँकर बोल्टचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

रिव्हेट: भाऊ, इजेक्शन सीटची काडतुसं काढल्याचा लेखी दाखला असल्याशिवाय कॉकपिटमध्ये कुणालाच चढू देऊ नका.

क्रेनआधी तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवा. समजा एकूण 1,600 किलो, नाकाच्या चाकावर 200, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर 2.4 मीटर. 200 गुणिले 2.4 भागिले 1,600, म्हणजे गुरुत्वकेंद्र मागच्या चाकांच्या 30 सेंटिमीटर पुढे; क्रेनचा हुक त्याच्या बरोबर वर हवा. पुस्तकातला आकडा इंजिनासकट असतो, तो चालणार नाही. पट्टे रुंद नायलॉनचे घ्या, रिव्हेटांची दाट ओळ दिसते तिथं आतल्या फ्रेमवर बसवा. दोन फ्रेमच्या मध्ये पट्टा आला की पत्रा वाटीसारखा आत जातो. खांबाचं लोखंड ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नका, मध्ये निओप्रीन रबर घाला. नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि सांध्यात पांढरी पूड दिसायला लागते.

काच म्हणजे ॲक्रिलिक. थिनर, पेट्रोल, अमोनियाचा क्लीनर लावला तर जाळीदार तडे जातात. भरपूर पाणी, सौम्य साबण, उघडा हात. भुरकटपणा राहिला तर 1500 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून घासा, मग प्लास्टिक पॉलिश.

नंबर ह्याच विमानाचा ठेवा. सेखों 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर ज्या नॅटमध्ये लढले, ते हे नाही. त्यांचं नाव खालच्या पाटीवर जरूर लिहा. शेपटीचा रंग ओल्या पेपरनं हळू घासा, जुना नंबर सावलीसारखा उमटू शकतो. कोरडं घासूच नका. जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाखालच्या थरात, क्रोमेट असतं, ती पूड फुप्फुसांना घातक.

दिग्रसकर: मुरूम सव्वाचार फुटांवर लागला. मालक विमान आडवं ठेवायला तयार झालेत. पोटाखाली बारीक भोकं आहेत, ती बुजवायची का?

रिव्हेट: अजिबात नाही, ती पाणी निघायची भोकं आहेत. कुंभारमाशी त्यात माती भरते, पाणी आत साचतं आणि विमान आतून सडतं. मृगाआधी प्लास्टिकच्या काडीनं मोकळी करा. इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांना अर्ध्या इंचाची जाळी लावा. पारव्यांची विष्ठा ॲल्युमिनियमला खाते.