मदत हवी आहे: 'व्हेरी बिफोर' चूक, मग 'व्हेरी नियर' बरोबर कसं?

अमळनेरजवळच्या खेड्यात मराठी माध्यमाच्या नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. 'बस सुटायच्या खूप आधी'चं मुलं सर्रास 'व्हेरी बिफोर' करतात. मी 'वेल बिफोर' किंवा 'लाँग बिफोर' सांगते. 'अगदी मागे' म्हणजे 'राइट बिहाइंड', 'थेट आत' म्हणजे 'स्ट्रेट इन्टू', हे त्यांना लगेच पटतं, कारण आपल्याकडेही 'अगदी', 'थेट' आधीच येतात.

काल एकीने वहीत 'व्हेरी नियर द रिव्हर' लिहिलं. मी लाल पेन टेकवला आणि थांबले, कारण ते बरोबरच आहे. 'नियर'ची 'नियरर, नियरेस्ट' अशी विशेषणासारखी रूपं होतात, म्हणून त्याला 'व्हेरी' चालतं, असा माझा अंदाज. पण मग 'फार (far) बियाँड', 'डीप इन्टू', 'हाय अबव्ह'चं काय? तिथे 'वेल' बसवलं तर अर्थ किती बदलतो?

शब्दकोशात एकेक शब्द पाहिला, जोड्या विखुरलेल्या सापडतात. व्याकरणाच्या पुस्तकांत क्रियाविशेषण एका धड्यात, शब्दयोगी अव्यय दुसऱ्यात. लांबलचक याद्या नकोत, मुलांना पाठांतराचा आधीच कंटाळा आहे. मराठीतून समजावता येईल असं हवं.

कुठल्या शब्दयोगीआधी कुठलं क्रियाविशेषण, हे अंतर, काळ, दिशा अशा अर्थावरून ठरवता येतं का, की जोड्या ऐकूनच अंगवळणी पाडाव्या लागतात?