फॅरोच्या त्या 'सजवलेल्या' कबरीला मराठीत काय म्हणायचं?

इजिप्तच्या व्हॅली ऑफ द किंग्जवर, म्हणजे फॅरोंच्या (तिथल्या प्राचीन राजांच्या) कबरींच्या दरीवर, मराठीत लिहितेय आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. थडगं लिहिलं तर मातीचा उंचवटा डोळ्यासमोर येतो, समाधी म्हटलं की संत, मकबरा म्हटलं की बीबी का मकबरा. दुसरा शब्द आहे का?

थडगं नकोच हो. थडगं, मकबरा, छत्री हे सगळं जमिनीवर, लोकांना दिसावं म्हणून बांधलेलं. इथे नेमकं उलटं, राजाला दडवायचं होतं. लक्सर शहरासमोर नाईल नदीच्या पश्चिम काठावर डोंगर पोखरून केलेलं काम आहे. पहिला सेती या फॅरोचं बघा, १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाला सापडलं, जवळजवळ १३७ मीटर लांब, जिने, उतरते बोळ, मधेच खोल खड्डा, खांबांची दालनं, आणि ममी ठेवायच्या खोलीला कमानदार छत, त्यावर गडद निळ्यात पिवळ्या रंगाने काढलेली नक्षत्रं. भिंतीवरच्या आकृत्या पण नुसत्या रंगवलेल्या नाहीत, आधी दगडात उठावात कोरल्यात मग रंग दिलाय. मी तर सरळ 'दफनलेणं' म्हणेन.

लेणं शब्द गोड आहे पण पटत नाही. लेण्यात भिक्खू राहायचे, पूजा व्हायची, माणसांची ये-जा. फॅरोला आत ठेवलं की दार चिणून वर शिक्के मारायचे, १९२२ मध्ये तुतनखामन या फॅरोच्या कबरीच्या दारावर पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला तेच शिक्के दिसले. बरं गंमत म्हणजे अरबीत आजही या जागांना मकबराच म्हणतात, दफन करायची जागा एवढाच अर्थ, आपल्याकडे तो घुमटाच्या इमारतीला चिकटला. मला 'दफनगृह' योग्य वाटतं, कारण चौथ्या रामसेसच्या कबरीचा पपायरसवरचा (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावरचा) जुना नकाशा इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे त्यात ममीच्या खोलीला 'सोन्याचं घर' म्हटलंय, म्हणजे घर त्यांच्याच डोक्यात होतं.

दफनगृह चालेल, पण मला जास्त खटकतंय ते 'सजवलेलं'. सजावट बघणाऱ्यासाठी असते, इथे बघणारं कोणी येणारच नव्हतं. तिसऱ्या थुतमोसच्या खोलीत अख्खं अम्दुआत, म्हणजे पाताळातल्या प्रवासाचा ग्रंथ, भिंतीवर उतरवलंय, काड्यांसारख्या साध्या आकृत्या, जणू पपायरसची गुंडाळीच भिंतीवर उलगडलीय. सूर्य रात्रीचे बारा तास पाताळातून कसा जातो, कुठल्या तासाला कोण आडवं येतं, ते सगळं राजाला सोबत म्हणून, त्याने सूर्याबरोबर परत उगवावं म्हणून. त्यामुळे 'चित्रांकित' किंवा 'कोरीव' लिहा, सजवलेलं काढाच.

वा, हे मनापासून पटलं, 'चित्रांकित दफनगृह' ठरलं. आता सार्कोफॅगसला काय लिहू, शवपेटी?

शवपेटी आतल्या पेट्यांना ठेवा, तुतनखामनच्या एकात एक तीन होत्या, सगळ्यात आतली सुमारे ११० किलो सोन्याची. त्या जिच्यात ठेवल्या ती बाहेरची दगडाची, तिला 'पाषाणपेटी' लिहा म्हणजे घोळ होणार नाही.