एलेनाने आठवणी पुसून घेतल्या, ते बरोबर केलं का?

रातराणी_जळगाव
‘द व्हॅम्पायर डायरीज’ या अमेरिकन मालिकेचा सहावा सीझन परत बघतेय. एलेनाचा व्हॅम्पायर प्रियकर डेमन मेला आणि तिला ते सोसवेना. आधी जडीबुटी घेऊन त्याचे भास बघते, मग अलारिकला, म्हणजे आठवणी पुसू शकणाऱ्या व्हॅम्पायर मित्राला सांगते, डेमनवरचं माझं प्रेमच डोक्यातून काढून टाक. शोधत शोधत मूळ सापडतं ते तिच्या अठराव्या वाढदिवसाला. डेमनने तिची हरवलेली माळ आणून दिली, तो क्षण. तोच पुसायचा! मला हा स्वार्थीपणा वाटतो. दुःख तिचं एकटीचं, पण प्रेम दोघांचं होतं ना? तो परत येतो तेव्हा तिला आठवतो तो फक्त त्याचा दुष्टपणा.

जंक्शनवाला_भुसावळ
काबरं स्वार्थी? त्या जडीबुटीपायी ती माणसांवर हल्ले करायला लागली होती. आणि दुसरा सीझन आठवा. डेमन तिला ‘प्रेम आहे’ म्हणतो आणि लगेच तिच्या डोक्यातून ते पुसतो. तिला न विचारता! तेव्हा सगळे त्याच्या त्यागावर रडले. हिने स्वतःच्या मर्जीने स्वतःच्याच आठवणी पुसल्या, तर लगेच बोल लावायचे?

रातराणी_जळगाव
दादा, डेमनचंही चूकच होतं. पण ती आठवण व्हॅम्पायर झाल्यावर तिला परत मिळाली. इथे अलारिक व्हॅम्पायरचा परत माणूस होऊन बसतो, त्याची ती शक्तीच जाते, म्हणजे परतीची वाटच बंद. डेमनने आता काय करायचं?

पांझराकाठ_धुळे
काय करायचं म्हणजे? नव्याने मन जिंकायचं, आणि त्याने जिंकलंच की. आठवण नसताना ती परत त्याच्यावरच भाळते. तिचा आधीचा प्रियकर, डेमनचा भाऊ स्टेफनच हवा म्हणणाऱ्यांनो, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

तापीची_लेक_चोपडा
माय वं, इथेही स्टेफन-डेमन नको. मला मुद्द्यावर बोलायचंय. माझी सुपारी फुटली होती आणि नंतर लग्न मोडलं. भावाने मोबाईलमधले सगळे फोटो उडवले, माझ्या भल्यासाठीच. त्याच श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या रोटांची तयारी चालली होती. बाया गाणी म्हणत होत्या, मी भिंतीकडे तोंड करून गहू निवडत होते. सुपातले खडे दिसत नव्हते, इतकं डोळ्यांत पाणी. त्या वेळी कोणी ‘पुसू का?’ विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. आज विचारलं तर नाही म्हणेन. पण त्या दिवशी गहू निवडणाऱ्या पोरीला मी चूक कशी म्हणू?

जंक्शनवाला_भुसावळ
हेच म्हणतोय मी. जिला सोसायचंय, तिनेच ठरवायचं.

रातराणी_जळगाव
ताई, ‘स्वार्थी’ शब्द मागे घेते. पण भावाने न विचारता फोटो उडवले, ते तुला लागलं ना? परत आलेल्या डेमनला तसंच लागलं असेल. ती माळ त्याच्या आठवणीत होतीच की.

तापीची_लेक_चोपडा
लागलं. अजून लागतं. एक फोटो तरी ठेवायला हवा होता त्याने.