धुकं नसेल तर जंगलात कॅमेरा काढावा का?

(छायाचित्रकारांची चर्चा; प्रत्येक मताआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

धुकेरी

जंगलातलं निसर्गचित्र कलाकृती म्हणून भिंतीवर टिकायला हवं असेल, तर धुक्याची वाट पाहावी, एरवी कॅमेरा पिशवीतच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

डोंगर किंवा समुद्र यांच्या चित्रात आकार मुळातच सुटे असतात. जंगलात एका खोडामागे दुसरं, त्यामागे आणखी दहा, मधे वेली आणि वाळक्या काटक्या, आणि सगळ्यांचा गडदपणा जवळपास सारखा. आपण दोन डोळ्यांनी पाहतो, मान हलवतो, म्हणून खोली कळते. कॅमेऱ्याला डोळा एकच. फोटोत सगळं एकमेकांना चिकटतं. धुकं ही गुंतवळ सोडवतं, कारण अंतर वाढेल तशी प्रत्येक गोष्ट फिकट होत जाते. जवळचं खोड काळं, पुढचं करडं, त्यापलीकडचं नुसती रेघ. ढगाळ दिवशी पानांच्या छतातून डोकावणारे आभाळाचे पांढरे ठिपके नजर खेचून घेतात. धुक्यात तेही पार्श्वभूमीत विरतात.

एक्स्पोजर (चित्राला मिळणारा उजेड) मात्र हाताने वाढवावं लागतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धुक्याला मधला करडा समजतो आणि चित्र मळकट येतं. ०.७ ते १.३ स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हिस्टोग्राम (गडद ते उजळ भागांचा आलेख) उजवीकडे झुकलेला हवा, पण काठाला टेकलेला नको. ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहतो, म्हणून जवळच्या खोडाच्या कडेवर हाताने फोकस करा. आणि दर दहा मिनिटांनी लेन्सची काच पाहा. तिच्यावर साचलेली वाफ पडद्यावर धुक्यासारखीच दिसते, म्हणून लक्षात येत नाही.

तिपाई

कारणं पटली, निष्कर्ष अजिबात नाही. गुंतवळ सोडवण्याचं काम धुक्याआधी पायांचं आहे.

समजा ५ मीटरवरचं खोड २० मीटरवरच्या खोडावर आलंय. २० सेंटिमीटर बाजूला सरका. मागच्या झाडाच्या अंतरावर मोजलं तर जवळचं खोड ६० सेंटिमीटर सरकलेलं असतं, म्हणजे दोन मध्यम खोडांमध्ये फट पडायला पुरेसं. म्हणून आधी ट्रायपॉड उघडूच नये. कॅमेरा हातात धरून डावीकडे, उजवीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, डोक्याच्या उंचीवर पाहावं, आणि जागा पक्की झाल्यावर तिथे ट्रायपॉड आणावा. आधी ट्रायपॉड रोवला की माणूस त्याच्याच उंचीशी तडजोड करतो.

दुसरं, वाइड लेन्स बाजूला ठेवा. २४ मिमीमध्ये आभाळ, पायाखालचा पाचोळा आणि कडेच्या फांद्या सगळंच शिरतं. ७० ते २०० मिमीच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिलेन्समध्ये चार खोडं आणि एक झुडूप एवढंच उरतं. कॅमेरा वर झुकवू नका, खोडं आत कलतात. तो आडवा-उभा समतल ठेवा आणि जास्त उंची हवी असेल तर मागे जा.

आणि दाखला हवाच असेल तर अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९५८ साली उत्तर न्यू मेक्सिकोत टिपलेली अ‍ॅस्पनची झाडं आठवा. थेट ऊन नाही, धुकंही नाही. फिकट खोडं काळ्या झाडीसमोर उभी आहेत, आणि वेगळेपणा त्या फरकातूनच आलाय. एलियट पोर्टर या छायाचित्रकाराने तर जंगलातल्या अशाच जवळच्या, आभाळ नसलेल्या चौकटी रंगीत केल्या. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘इंटिमेट लँडस्केप्स’ नावाने त्यांचं प्रदर्शन झालं.

धुकेरी

अ‍ॅस्पनचं खोड मुळातच पांढरं. जिथे साल करडी आणि मागची झाडीही करडी, तिथे तो फरक आणणार कुठून?

कडेचा उजेड

मागून. सूर्य खाली असताना त्याच्या दिशेने तोंड करा, पण तो एखाद्या जाड खोडाआड ठेवा. पानातून आरपार येणारा उजेड पान पेटवतो आणि खोड काळं करतो. करडी सालही मग प्रश्न राहत नाही. ही वेळ थोडी असते. ऊन वर चढून जमिनीवर कवडसे पडू लागले की थांबा. कवडसा आणि शेजारची सावली यांतला फरक कॅमेऱ्याला पेलला तरी डोळ्याला चित्र ठिगळासारखं दिसतं, आणि दोन-तीन एक्स्पोजर जोडूनही ते ठिगळ जात नाही. कारण अडचण कॅमेऱ्याच्या क्षमतेची नाही, चित्राच्या रचनेची आहे.

स्थिर पान

तिपाई यांनी टेलिलेन्स सुचवली, तिची किंमत सांगितली नाही. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १०० मिमी, एफ ११ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) हायपरफोकल अंतर साधारण ३० मीटर. म्हणजे ३० मीटरवर फोकस केला तर १५ मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट. जंगलात तुमचं मुख्य झाड बरेचदा ८-१० मीटरवर असतं! एफ २२ केलं तर डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून उजेड पसरल्याने) बारीक पानं मऊ होतात. मग फोकस स्टॅकिंग आलं: एफ ८, जवळून लांब अशा फोकस केलेल्या ४ ते ६ चौकटी घेऊन जोडायच्या. पण दोन चौकटींच्या मधे पान हललं की जोडताना कडांवर दुहेरी पानं आणि धूसर वलयं उमटतात. छताखाली उजेड इतका कमी की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर अर्ध्या सेकंदावर जातं. पानं थांबवायची तर निदान १/६० सेकंद हवं, म्हणजे आयएसओ ३२०० च्या आसपास. माझा सल्ला: पानांसाठी एक वेगळी चौकट जास्त आयएसओवर घ्या, खोडं आणि जमीन आयएसओ १०० वर, आणि दोन्ही मास्कने (संगणकावर हवा तेवढाच भाग निवडून) जोडा.

इथे धुकेरींचा एक मुद्दा त्यांनी न मांडताही बळकट होतो. रात्री जमीन निवून पहाटे साचणारं धुकं वारा मंद असेल तरच टिकतं. धुक्याच्या दिवशी पान हलत नाही, तो योगायोग नाही.

ओलं पान

रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. धुकं रंगही धुऊन नेतं. पाऊस नुकताच थांबलाय, आभाळ भरलेलं आहे, हा माझ्या मते जंगलाचा सर्वात श्रीमंत उजेड. ओल्याने साल गडद होते, शेवाळ उठून दिसतं, म्हणजे खोडं वेगळी दिसण्याचं कामही होतं. फक्त पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) विसरू नका. ओल्या पानांवर आभाळाची पांढरट चकाकी असते, ती काढली की खालचा हिरवा रंग दिसतो. त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो. पूर्ण फिरवू नका. चकाकी पार गेली तर पान ओलं वाटतच नाही, रबरासारखं निर्जीव दिसतं. दोन-तृतीयांशावर थांबावं.

पानांतून गाळून आलेला उजेड सगळ्यावर हिरवी झाक चढवतो. व्हाइट बॅलन्सची टिंट किंचित मॅजेंटाकडे (किरमिजीकडे) न्या आणि पिवळा-हिरवा थोडा फिका करा. हिरवा वाढवला की चित्र बिघडलंच.

नवी चौकट

मग धुकं नंतर संगणकावर घातलं तर? डीहेझ (धूसरपणा काढणारा स्लायडर) उलट दिशेला ओढलं की झालं.

धुकेरी

होत नाही. खरं धुकं अंतरानुसार वाढतं. तो स्लायडर पायाशी असलेलं नेचं आणि पन्नास मीटरवरचं झाड सारख्याच हिशोबाने फिकट करतो. जवळचं खोडही राखाडी झालं की खोली वाढत नाही, उलट चित्र चपटं होतं. अंतराप्रमाणे मास्क करता येतो, पण फांद्यांच्या कडांवर तो चुकतोच.

तिपाई

इथे मी धुकेरींच्या बाजूने. एक्स्पोजर आणि रंग सुधारणं ठीक, कडेची घुसखोर काटकी काढणंही मला चालतं. जे हवामान नव्हतंच ते घालणं चालत नाही.

धुकेरी

ओलं पान यांचा पावसानंतरचा उजेड मी मान्य करतो, मूळ मताला तेवढा अपवाद. पण मोठा प्रिंट काढताना ती गडद ओली खोडं मॅट कागदावर काळा डाग होतात. त्याचं काय?

ओलं पान

मॅट कॉटन कागदाचा काळा मुळातच उथळ असतो, म्हणून त्या कागदाच्या प्रोफाइलने सॉफ्टप्रूफ करून (प्रिंट कसा येईल ते पडद्यावर पाहून) सावल्या आधीच उचलाव्या लागतात. आधी ए४ आकारात चाचणी प्रिंट काढा, तो वाळू द्या आणि मगच खोडांमधला तपशील पाहा. तरी सावल्या काळ्याने भरल्या तर बरायटा (किंचित चकचकीत) कागद घ्या, त्याचा काळा खोल असतो. मॅट कागद तुमच्या धुक्यासाठी ठेवा. फक्त फाइल शेवटपर्यंत १६ बिटमध्येच (छटांच्या जास्त पायऱ्या) ठेवा, ८ बिटमध्ये धुक्याच्या मऊ उतारावर पट्टे दिसतात.