कॉयरमध्ये आपली ओळ धरून कशी ठेवायची? (आल्टो, वय ५१, मदत हवी)

सांगलीची_आल्टो
१० ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे गाणारे बरेच आहेत म्हणून विचारते. लांबलंय, आधीच माफी मागून ठेवते.

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये हडर्सफील्डजवळ राहते. शाळेत असताना गाणं शिकले, गांधर्वच्या परीक्षा मध्यमा प्रथमपर्यंत दिल्या. मग बारावी आली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढली ती चढलीच. त्यानंतर गाणं म्हणजे गणपतीतल्या आरत्या आणि कुणाच्या डोहाळजेवणाला आग्रह झाला तर एखादं भावगीत.

या सप्टेंबरात पलीकडच्या घरातल्या आजी (वय ७८, काठी, तल्लख) मला ओढून त्यांच्या कॉयरला घेऊन गेल्या. या भागात कॉयर म्हणजे आपल्याकडे गल्लोगल्ली भजनी मंडळ असतं तसं. इथे पूर्वी लोकरीच्या गिरण्या होत्या, गिरणीतली माणसं कामावरून सुटली की चॅपेलमध्ये जमून गायची. हडर्सफील्डची मोठी कोरल सोसायटी तर १८३६ सालची. तिथे आवाजाची परीक्षा घेतात, ते आपलं काम नव्हे. आमचा कॉयर घरगुती. मंगळवारी साडेसात ते साडेनऊ, चर्चमागचा गारठलेला हॉल, चाळीसेक माणसं, मध्ये चहा आणि पातळ बिस्किटं. परीक्षा नाही. कंडक्टरबाईंनी (बसच्या नव्हेत, कॉयर चालवणाऱ्या) पियानोवर चार सूर वाजवून माझ्याकडून म्हणून घेतले आणि सांगितलं, आल्टो.

आल्टो म्हणजे बायकांतला खालचा आवाज. माझा सा काळी चार, त्यामुळे पट्टीचा त्रास नाही. त्रास वेगळाच आहे. डिसेंबरसाठी हँडेलचं 'मसाया' बसवतायत. पहिल्यांदा गायलं गेलं डब्लिनला, १७४२ च्या एप्रिलमध्ये. पण इथे ते ख्रिसमसचंच झालंय, दिवाळीला चकली तसं. त्यात चाल बहुतेक वेळा सोप्रानोंकडे, म्हणजे बायकांतल्या वरच्या आवाजाकडे. आम्हाला काय, तर एका सुरावर पाच अक्षरं, मग एक सूर खाली, मग परत तिथेच. त्याला चाल म्हणवत नाही. घरी फोडणी घालताना म्हणत होते तर नवरा बाहेरून विचारतो, "कुणी गेलं का?"

घरी एकटी असताना ओळ बरोबर येते. मंगळवारी चारही आवाज (आम्ही दोन आणि पुरुषांतले टेनर, बास) आपापल्या ओळी घेऊन सुरू झाले की दोन ओळींत मी सोप्रानोंच्या चालीवर. कळतसुद्धा नाही कधी गेले ते. आजी कोपराने ढोसतात तेव्हा कळतं. परवा तर कंडक्टरबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि आल्टोंच्या दिशेने बघून म्हणाल्या, "तिकडे कुणीतरी फार सुंदर सोप्रानो गातंय." सगळे हसले. मीही हसले, पण गाडीत बसल्यावर कान तापले होते.

आपल्या गाण्याच्या कानाला ही सवयच नाही हो. आपण पन्नास जण गायलो तरी एकच चाल गातो. आरतीला प्रत्येकाची पट्टी वेगळी असते ते सोडा, पण चाल एकच. या 'मसाया'तल्या हालेलुया नावाच्या गाण्यात एक ओळ अशी आहे की चारही आवाज एकदम एकाच चालीवर येतात. तेवढ्या ओळीला मी राणी असते. पुढच्या मापाला (ठराविक मात्रांचा एक तुकडा) परत रस्ता हरवते.

शिवाय ते पाच रेघांवरचे काळे-पांढरे ठिपके मला वाचता येत नाहीत. वर गेले की वर, खाली गेले की खाली, एवढंच कळतं.

कुणी या वाटेने गेलंय का? सोडून द्यायचं नाहीये, हे आधीच सांगते. मंगळवारची वाट बघते मी.


वसईवाला_टेनर
१० ऑक्टोबर

ताई, पहिलं म्हणजे ते बाईंचं बोलणं मनावर घेऊ नका. आमच्या सरांनी मला एकदा मध्यरात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधली प्रार्थना), सगळ्या गावासमोर, "तू आज कुठल्या चर्चमध्ये गात होतास?" असं विचारलं होतं.

मी वसईचा, बाविसाव्या वर्षापासून चर्चच्या कॉयरमध्ये. आमची रविवारची गीतं मराठीच, आणि बहुतेक एकाच चालीत, पेटी-तबल्यावर. पण नाताळ आला की चार आवाजांची दोनतीन बसवायची रीत आहे, तेव्हा तुमचंच दुखणं आम्हालाही होतं. उपाय सांगतो.

सोप्रानोंकडे कान देऊ नका. बासकडे द्या. सगळ्यांत खालचा आवाज ऐकत राहिलात की पायाखाली जमीन येते, आणि तुमचा सूर त्याच्यावर कुठे उभा आहे ते कळायला लागतं. तुम्ही सोप्रानोंना "टाळायचा" प्रयत्न करताय, म्हणून त्याच ऐकू येतात.

दुसरं, घरी उलटं करा. आल्टोची ओळ फोनवर रेकॉर्ड करा, ती लावा, आणि तिच्यावर मुद्दाम सोप्रानोची चाल म्हणा. मग सोप्रानो लावून आपली म्हणा. जाणं-येणं मुद्दाम केलं की न कळत जाणं बंद होतं. मला तीन आठवडे लागले.

आणि कानावर हात ठेवून गाऊ नका. नवे लोक हमखास करतात. सूर सापडतो पण आपण सगळ्यांतून उठून बाहेर बसतो.


ऐझॉल_रिटर्न
११ ऑक्टोबर

ठिपके वाचता येत नाहीत म्हणताय, वाचू नका. मी नोकरीत असताना तीन वर्षं मिझोराममध्ये, ऐझॉलला होतो. तिथे आमच्या ऑफिसातला शिपाई बास गायचा, हेडक्लार्क टेनर, आणि कॅन्टीनवाल्या बाई तुमच्यासारख्या आल्टो. त्यांतल्या कुणालाही पाच रेघा येत नव्हत्या. पुस्तकात नुसती अक्षरं : d r m f s l t, मध्ये विसर्गासारखे दोन टिंब आणि उभ्या रेघा. याला ते सोल्फा म्हणतात. अक्षरं इंग्रजी आहेत म्हणून घाबरू नका, तो आपला सा रे ग म प ध नी आहे. डो म्हणजे सा, आणि आपल्या सा सारखाच तो कुठल्याही पट्टीत हलवता येतो.

गंमत म्हणजे ही पद्धत तुमच्याच देशातली. नॉरविचच्या सारा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेने रचली आणि जॉन कर्वेन यांनी १८४० च्या दशकापासून ती घरोघरी पोचवली, गिरणीकामगारांना महागडं शिक्षण न घेता गाता यावं म्हणून. मिशनरी १८९४ साली लुशाई टेकड्यांत (म्हणजे आजचं मिझोराम) पोचले, पाठोपाठ वेल्श आले, आणि सोल्फा तिथे असा रुजला की आजही गावागावांत त्यावरूनच गातात.

तर करायचं असं. हालेलुया डी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी दोन. सा तिथे धरा. एखाद्या जाणकाराकडून फक्त तुमच्या ओळीखाली पेन्सिलीने देवनागरीत सरगम लिहून घ्या. मध्यमा प्रथमवाल्या बाईला प प प ध प म्हणायला कसली भीती?

अवांतर : पावसाळ्यात वीज गेली की आमचा शिपाई अंधारात खुआंग (त्यांचा मोठा ढोल) धरायचा आणि सराव चालू राहायचा. कुणाला पुस्तक लागायचंच नाही. एवढा मोठा आवाज मी त्याआधी फक्त कार्तिकीला पंढरपुरात ऐकला होता.


स्पष्टवक्ता
११ ऑक्टोबर

मुळात हा अट्टहास का? आपल्याकडे एवढं संगीत असताना परक्यांच्या गर्दीत उभं राहून तिसरा सूर धरायचा. तिकडे चार मराठी बायका जमवून भजनी मंडळ काढा. टाळ मी पाठवतो.


झीलकरी
११ ऑक्टोबर

स्पष्टवक्ते, तिसरा सूर आपल्याकडे नाही म्हणता? तमाशात सुरत्या काय करतो? शाहीर मुख्य चाल गातो आणि मागचे 'जी जी रं' ची झील ओढतात. कॉलेजात असताना मी पोवाड्याला मागे उभा राहायचो. शाहिराची चाल पाठ असून म्हणायची नाही, तो थांबेपर्यंत दम धरायचा आणि मग नेमकी उचलायची. सोपं वाटतं, करून बघा. एकदा मी शाहिराबरोबरच पुढची ओळ म्हणून टाकली होती. त्याने तुणतुण्याची दांडी मारली. खरोखरच मारली.

ताई, स्वतःला झीलकरी समजा. काम सोपं होईल.


तानपुरा_लावून_बसलेली
१३ ऑक्टोबर

एक मुद्दा कुणी मांडला नाही. तुम्ही शास्त्रीय शिकलेल्या आहात, त्यामुळे कान तानपुऱ्यावर तयार झालाय. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गांधार (ग) पियानोच्या गांधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, जवळजवळ १४ सेंट, म्हणजे एका अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. मधल्या आवाजांकडे बरेचदा हा गांधारच येतो. पियानोबरोबर गाताना "माझा सूर लागत नाही" असं वाटून तुम्ही अस्वस्थ होत असणार, आणि अस्वस्थ माणूस ओळखीच्या चालीकडे पळतो.

पियानो बंद करून चारही आवाज नुसते गातात तेव्हा लक्ष द्या. चांगला कॉयर असेल तर गांधार आपोआप तानपुऱ्याच्या जागी येऊन बसतो. तो बसला की छातीत कळतं.

सराव : तानपुरा ॲप पांढरी दोनवर लावा आणि तुमची ओळ त्यावर म्हणा. शब्द नकोत, नुसत्या 'आ'वर.


सांगलीची_आल्टो
१४ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार! सरगम लिहून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून लेकीला बसवलं. तिला शाळेत ठिपके शिकवलेत, सा रे ग येत नाही. मला सा रे ग येतं, ठिपके येत नाहीत. रविवारची पूर्ण दुपार गेली, दोनदा भांडण झालं, पण नऊ पानं झाली.

स्पष्टवक्ते दादा, टाळ जरूर पाठवा, मी दोन्ही करीन. पण हा अट्टहास नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वी मी गाणं सोडलं ते एकटीने स्टेजवर बसायच्या धास्तीने. परीक्षेच्या हॉलबाहेर पोटात गोळा यायचा. इथे माझ्या दोन्ही बाजूंना माणूस असतं.

अजून एक प्रश्न राहिलाच. कधीकधी आल्टोंना दहा-बारा मापं गप्प उभं राहायचं असतं आणि मग अचानक उचलायचं. ती मोजायची कशी? मी सहाव्या मापाला ऐकण्यात रमते.


वसईवाला_टेनर
१४ ऑक्टोबर

हे आम्हालाही जमत नाही. सर मान हलवतात तेव्हा उचलतो.


तानपुरा_लावून_बसलेली
१५ ऑक्टोबर

अहो, तीनताल कशावर मोजायला शिकलात? पेरांवर. चार मात्रांचं माप असेल तर एका बोटाला एक माप. तीन पेरं आणि टोक मिळून चार. करंगळीपासून तर्जनीपर्यंत एक आवर्तन, म्हणजे चार मापं. बारा मापं म्हणजे तीन आवर्तनं. फाइल डाव्या हातात धरा, उजव्या हाताचा अंगठा फिरू द्या.


सांगलीची_आल्टो
१७ डिसेंबर

धागा वर काढते, कारण कार्यक्रम शनिवारी झाला आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

सगळं बरोबर आलं असं मुळीच नाही. दुसऱ्या भागात एका ठिकाणी मी अख्खं पान चुकीचं उलटलं आणि अर्धा मिनिट नुसतं तोंड हलवलं. पण सोप्रानोंकडे एकदाही गेले नाही. बासचा उपाय लागू पडला. आमचे बास म्हणजे निवृत्त प्लंबर, एक दंतवैद्य आणि एक शेतकरी ज्याच्या अंगाला कायम मेंढ्यांचा वास येतो. त्यांच्यावर कान ठेवला आणि माझे ते प प प ध प एकदम जागेवर आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला ती ओळ रटाळ वाटली नाही. खालून बास, वरून सोप्रानो, आणि मधे आपण दाराच्या चौकटीला खांदा लावून उभं राहावं तसं. नवऱ्याला विचारलं कसं झालं, तर म्हणाला, "छान. तू कुठे ऐकू नाही आलीस." मी ते पदरात बांधून घेतलं.

तानपुरावाल्या ताई, गांधाराचं तुमचं म्हणणं मला एकदाच अनुभवायला मिळालं. हीटिंगचा आवाज येतो म्हणून ते बंद केलं होतं, पियानो थांबला होता, आणि आम्ही नुसतेच गात होतो. शेवटचा सूर लांबवताना काहीतरी खटकन बसलं. मला वाटलं मलाच भास झाला, पण पुढच्या रांगेतली एक बाई वळून मागे बघायला लागली.

आता मुख्य गोष्ट. एका जागी आल्टोंना लांब गप्प राहायचं होतं. मी फाइलच्या आड पेरं मोजत होते, करंगळी, अनामिका. डावीकडे आजी. चाळीस वर्षं त्या दर डिसेंबरला हेच गातायत, मी त्यांचंच शेपूट धरून. दुसरं आवर्तन संपता संपता मला जाणवलं की त्यांचं कंडक्टरबाईंकडे लक्ष नाही. मान किंचित खाली, चष्मा नाकावर, आणि नजर माझ्या अंगठ्यावर. मी तर्जनीच्या टोकाला पोचले तशी त्यांनी छाती भरून श्वास घेतला. आम्ही एकदम उचललं.

परत येताना गाडीत म्हणाल्या, "ते बोटांचं काय आहे, मंगळवारी मला नीट दाखव." मंगळवारी सुट्टी होती, तर काल सकाळी काठी टेकत घरीच आल्या. पोहे खाल्ले आणि तीनताल घेऊन गेल्या. करंगळीचं शेवटचं पेर संधिवाताने वाकत नाही, तिथे त्या नुसता अंगठा टेकवतात.