गावाचं नाव पाकिटावर : तुमचा अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. समुद्रपूर तालुक्यातून (जि. वर्धा) लिहिते आहे. आमच्या बचत गटाच्या हळद-तिखटाच्या धंद्याचं हे सहावं वर्ष. आपल्याकडे खेड्यापाड्यांत घरगुती माल बनवणारे खूप आहेत. माल चांगला असतो, पण नाव रुजत नाही. दुकानदार, हॉटेलवाला, शेजारचा गट यांच्याशी जुळलेलं हिशोबावरून फाटतं. नाव कसं जमवलं, कोणाची सोबत मिळाली, कुठे ठेच लागली, ते लिहा. भाव आणि टक्के सांगायला लाजू नका, त्याचाच जास्त उपयोग होतो. सुरुवात माझ्यापासून.

पहिल्या वर्षी रंग दिसावा म्हणून पारदर्शक पिशवीत हळद भरली. दुकानदाराने पिशव्या दर्शनी खिळ्याला टांगल्या, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर. महिनाभरात पुढची बाजू फिक्की, मागची गर्द. एकाच पिशवीत दोन रंग! गिऱ्हाईक म्हणालं, भेसळ आहे. भेसळ नव्हती, हळदीचा रंग उन्हानं उडतो. पण ते सांगायला दुकानात आमच्यातलं कोणी नव्हतं. सगळा माल परत आणला. आता आतून चंदेरी अस्तराची पिशवी वापरतो आणि दुकानात नमुन्याची एक काचेची बरणी ठेवतो. ती दर पंधरा दिवसांनी आम्हीच बदलतो.

दुसरी ठेच नावाची. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘वायगाव हळद’ छापून आणलं होतं. वायगाव आमच्याच तालुक्यातलं, बेणंही तिथलंच, मग विचारायचं काय, असं वाटलं. कृषी विभागातल्या एका ताईंनी थांबवलं. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव लावायचं तर पीक ठरलेल्या क्षेत्रातलं हवं आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. दोन हजार पिशव्या कोठीत पडल्या. आमच्यातल्या तिघींची शेती त्या क्षेत्रात आहे, त्यांचे अर्ज केले, आणि तोपर्यंत गटाच्या साध्या नावाने विक्री केली. खरं सांगते, ज्यांनी ते नाव मिळवायला कागद गोळा केले, त्यांच्या कष्टावर आपण नुसता छापा मारणं बरोबर नव्हतंच.

वरुड, संत्रा

ताई, नावाचं म्हणाल तर आमचंही ऐका. आम्ही चौघा शेजाऱ्यांनी आंबिया बहाराची संत्री पेटीने नागपूरच्या दोन सोसायट्यांत पोचवायला सुरुवात केली. एक नाव, एक पेटी. तीन आठवडे छान गेले. चौथ्यात आमच्यातल्याच एकाने पेटीच्या तळाशी बारीक माल भरला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला : फरशीवर उपडी केलेली पेटी, वर हाताएवढी फळं आणि खाली लिंबाएवढी. पेटीवर नाव चौघांचं, म्हणून खोटे ठरलो चौघेही. १८ पेट्यांचे पैसे परत केले.

त्याला काढून टाकावं असं दोघांचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो, कारण त्याच्या बगिच्यातलं फळ आमच्यात सगळ्यांत गोड आहे. नियम बदलला. आता माझा माल मी भरत नाही, दुसरा भरतो, आणि त्याचा मी. पेटीत चिठ्ठी असते : कोणाचा बगिचा, तोडीची तारीख, भरणाऱ्याचं नाव. यंदा एका काकूंनी फोन करून सांगितलं, ‘मागच्या वेळी ज्यांनी भरली होती, त्यांच्याच हातची पाठवा.’

कोलारा गेटजवळ, ता. चिमूर

आमचा गट जवसाची चटणी आणि मोहाचे लाडू करतो. ताडोबाला येणारे पाहुणे घेतील म्हणून एका होमस्टेच्या काउंटरवर पाकिटं ठेवली. कोणी हात लावेना. जवस म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना माहीत नाही आणि पाकीट काही बोलत नाही. मग होमस्टेच्या वहिनींना म्हटलं, रात्रीच्या जेवणात भाकरीसोबत वाटीभर आमची चटणी वाढा, ती आमच्याकडून. वर कच्चं तेल सोडायचं, एवढं फक्त सांगा. पाहुणे विचारायला लागले, आणि सकाळी निघताना पाकिटं जायला लागली. वहिनींना १५ टक्के, हिशोब दर मंगळवारी, कारण त्या दिवशी सफारी बंद असते आणि त्यांना बसायला फुरसत मिळते.

एक चूक झाली. जून संपताना मोठा घाणा काढला. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला गाभ्याचा भाग, बंद, पाहुणे तुरळक. जवसाला खवट वास यायला वेळ लागत नाही. अर्धा माल फेकताना जीव तुटला. आता पावसाळ्यात फक्त ऑर्डरचं करतो.

खामगाव तालुका, किराणा

मी दुकानदार आहो, म्हणून काउंटरच्या या बाजूनं सांगतो. बायांचा माल ठेवाले मले आवडते, गिऱ्हाईक त्यायले ओळखते. पण भाव नाई, वजन नाई, तारीख पेनानं लिहिलेली, तं मी अडकतो. तेलकट हातानं पेनाची शाई पुसल्या जाते, मंग जुनं कोणतं अन् नवं कोणतं? पाकिटावर अन्न नोंदणीचा १४ अंकी नंबरही पाह्यजे. तपासणी आली तं पहिले माह्याच दुकानात येते.

दुसरं, लहान पाकीट लडीत आणा. मजुरीवाल्या घरी तिखट-हळद दहाच्या नोटेत येते, पाव किलो एकदम कोणी नेत नाई. तिसरं, न खपलेलं बदलून द्या. मी १२ टक्के घेतो. बदलून मिळत असन तं नगदी देतो, नाई तं खपल्यावर. हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. एक मावशी दर शुक्रवारी येते, पदरानं पाकिटं पुसते, जुनी पुढं लावते, नवी मागं. तिचा माल माह्याकडं कधी पडून राह्यला नाई.

पवनी, जि. भंडारा

थोडक्यात लिहिते. आम्ही रुखवताचे पदार्थ करतो. जाहिरातीवर काही खर्च केला नाही, बिछायत केंद्रवाल्या (लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या) दादांशी बोलणी केली. लग्नाची तारीख सगळ्यांत आधी त्यांनाच कळते. ते आमचं नाव सांगतात, मांडणीचं टेबल आणि कापड आम्ही त्यांच्याकडूनच भाड्याने घेतो. कमिशन कोणीच कोणाला देत नाही.

भिवापूर, मिरची

आमच्या तीन गटांनी मिळून कांडप यंत्र घेतलं, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेतून. आम्ही घेतलं तेव्हा प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाख, पण त्याला बँकेचं कर्ज लागतंच, हे आधी समजून घ्या. भांडण झालं ते यंत्र धुण्यावरून. भिवापुरी मिरचीआधी कोणी धणे दळले की तिखटाला वास. आता वार वाटून घेतले आहेत, आणि शेवटी दळणारीने साफ केल्याची सही भिंतीवरच्या वहीत करायची.

समुद्रपूरहून पुन्हा

सगळं आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवलं. भिवापूरच्या ताई, सहीच्या वहीचा फोटो पाठवा, आमच्याकडेही तेच भांडण आहे. खामगावचे भाऊ, दहा रुपयांची लडी करून बघतो, तारीख छापलेली. पहिल्या वीस लड्या तुमच्याकडे देते, न खपलेल्या मीच परत नेईन. शुक्रवारी तुमच्या मावशी किती वाजता येतात, तेवढं कळवा. त्यांची गाठ घ्यायची आहे.